पणजोबांचं नाव बाळाला ठेवताय?

श्रीधर ठेवायचंय ना? बिनधास्त ठेवा. संध्या करताना म्हणतात ती विष्णूची 24 नावं बघा: अनिरुद्ध, हृषीकेश कधी जुने झालेच नाहीत, मग श्रीधर, माधव, वामन का मागे राहावेत? माझ्या मते त्यांची वेळ आली आहे. पांडुरंग मात्र विचार करून. नाव अमृतासारखं, पण वर्गात त्याचं ‘पांडू’ होतं; माझ्या भावाला ते बारावीपर्यंत चिकटलं, फार रडायचा. दत्तात्रय की दत्तात्रेय, हे दाखल्याआधीच पक्कं करा. आणि आठवडाभर गॅलरीतून हाक मारून बघा, “श्रीधर, वर ये, जेवायला!” जीभ अडखळते का? घाई नको, जन्मनोंदणीत नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.