कमी बजेटचा सिनेमा आणि वाईट सिनेमा यांतला फरक कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या तुमच्या मित्रमंडळींत दर शनिवारी सिनेमावरून भांडण होतं. एक गट म्हणतो ‘गुंडा’ भारी, दुसरा म्हणतो टाकाऊ. कमी पैशातला सिनेमा लावला की निम्मी मंडळी ‘स्वस्तातला दिसतोय बे’ म्हणत दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतात. मग फरक ओळखायचा कसा आणि लावायचं काय?

पैसा कमी होता हे पडद्यावर दिसलं म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही. पैसा कुठे वाचवला, ते बघा. जो दिग्दर्शक आपल्या खिशाला पेलेल अशी गोष्ट निवडतो आणि आवाजावर काटकसर करत नाही, त्याचा सिनेमा बहुतेक वेळा तरतो. खिशात दोन खोल्यांचे पैसे आणि कागदावर महायुद्ध, अशी सुरुवात असली की तो पहिल्याच दिवशी बुडालेला असतो.

तपासणी आवाजापासून करा. चित्र थोडं खरखरीत असलं तर डोळा सरावतो, कान सरावत नाही. संवादाचा कुठलाही प्रसंग लावा आणि तीन मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. जागा ऐकू येते का? मोकळ्या खोलीत आवाज थोडा घुमायला हवा, शेतात तो पसरून विरायला हवा, बाई उठून आत गेली तर पावलं, बांगड्या, दाराची कडी यांतलं काहीतरी कानावर यायला हवं. घाईत केलेल्या डबिंगमध्ये बांधावरचा माणूस आणि स्वयंपाकघरातली बाई एकाच अंतरावरून, एकाच पट्टीत बोलतात, कारण दोघांनीही स्टुडिओतल्या त्याच माइकपासून वीतभर अंतरावर उभं राहून संवाद म्हटलेले असतात. पावलांचे आणि भांड्यांचे आवाज नंतर वेगळे भरावे लागतात. तो खर्च वाचवला की माणसं हवेत तरंगत बोलल्यासारखी वाटतात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, तो फक्त ‘अभिनय लाकडी आहे’ म्हणतो. पुष्कळदा अभिनय ठीक असतो, त्याच्याभोवतीची खोली गायब असते.

याच्या उलटा दोष जागेवरच आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांचा. दोघं बोलत आहेत आणि प्रत्येक कटला मागची सरसर बदलते: एकाच्या शॉटमध्ये पंखा, दुसऱ्याच्या शॉटमध्ये रस्ता. इलाज फुकटचा आहे. प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या जागेची अर्धा ते एक मिनिट शांतता रेकॉर्ड करायची आणि संकलनात ती सगळ्या शॉटखाली अंथरायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातला प्रसंग घ्यायचा तर कूलर चालू ठेवला की प्रत्येक वाक्याखाली त्याची घरघर बसते आणि ती पुढे धड काढता येत नाही. कूलर बंद केला की पाच मिनिटांत नटाचा शर्ट पाठीला चिकटतो आणि शर्टाचे डाग शॉटगणिक बदलतात. म्हणून विदर्भात घरातली दृश्यं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकणं शहाणपणाचं. नवख्या टीमच्या सिनेमात घरातले सगळे प्रसंग डब केलेले आणि बाहेरचे जागेवरचे वाटले, तर उन्हाळा हे एक कारण असू शकतं.

काटकसर हुशारीने कशी करतात ते १९९२च्या ‘एल मारियाची’त बघा. सुमारे ७ हजार डॉलरमध्ये चित्रीकरण झालेला सिनेमा. कॅमेरा आवाज करणारा, सोबत आवाज घेण्याची सोय नाही. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्ज शॉट झाला की तिथल्या तिथेच नटाकडून तीच वाक्यं पुन्हा म्हणून घ्यायचा, त्याच जागी आणि त्याच दमात. ओठ जुळेनासे झाले की कट करून कुत्रा दाखव, समोरच्याचा चेहरा दाखव. त्या सिनेमाचा जो वेग लोकांना आवडतो, त्यातला बराचसा या अडचणीतून आला. (स्टुडिओने विकत घेतल्यावर त्याच्या आवाजावर आणि प्रिंटवर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा लावला, हेही वादात सांगायला हवं. नाहीतर ‘सात हजारात सिनेमा होतो’ असा भलताच निष्कर्ष निघतो.)

पैसा वाचवला जातो अशी दुसरी जागा वेळेची. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. छोट्या टीमला दिवसाला चार-पाच पानं झेपतात, म्हणजे शंभर पानांना वीस ते पंचवीस दिवस. पैसे बारा दिवसांचेच असतील तर दिवसाला आठ पानं उरकावी लागतात आणि सगळ्यात आधी बळी जातात ते जवळचे शॉट. दोघांच्या साध्या बोलण्याला निदान तीन मांडण्या लागतात: दोघं दिसतील असा मास्टर आणि मग एकेकाचा वेगळा. वेळ संपला की नुसता मास्टर उरतो. मग संकलकाला प्रसंग आखडता येत नाही, चुकलेलं वाक्य झाकता येत नाही, म्हणून सिनेमा रेंगाळतो. ‘संकलन ढिलं आहे’ असं जे म्हटलं जातं, त्याचं मूळ बहुतेकदा सेटवर असतं.

लांबी भरून काढायला जोडलेलं ठिगळही ओळखू येतं: गाडी येते, थांबते, माणूस उतरतो, जिना चढतो, बेल वाजवतो. किंवा मुख्य गोष्टीशी संबंध नसलेला विनोदी ट्रॅक. हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) जगदीपचा डाकू असाच वेगळा चिकटवलेला आहे. तो वगळून बघितलात तर बाकीचा सिनेमा किती घट्ट आहे ते कळतं. सात भावांनी कामं घरातच वाटून घेतलेली, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला नेऊन केला. धुकं, जुनी वास्तू आणि रंगीत दिवे एवढ्यावर भीती उभी करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना ‘बी ग्रेड’ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

उजेडाचं थोडक्यात. भर दुपारी शूट करून निळं आणि काळपट केलेली रात्र जमिनीवर पकडायची: सावल्या धारदार असतात आणि आभाळ चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. खरी काटकसर म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या वीस मिनिटांत दोन शॉट घेणं किंवा रात्रीचा प्रसंग खोलीत आणणं. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ, चुकलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर सेकंदाच्या एकपन्नासांशावर ठेवायचं. अनेक जण सेकंदाला २४ फ्रेमचा हिशेब लावून एकअठ्ठेचाळीसांशावर ठेवतात आणि फसतात.

आता गोष्टीची निवड. यासाठी एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे समोरासमोर ठेवा: राम गोपाल वर्मांचा ‘कौन’ (१९९९) आणि ‘आग’ (२००७). पहिल्यात एक घर, तीन माणसं, पाऊस, गाणं एकही नाही. दुसऱ्यात ‘शोले’ पुन्हा करायचा घाट, मोठे नट, मोठा पसारा. ‘कौन’मध्ये दाराची बेल वाजली की छातीत धस्स होतं, कारण दाराच्या आत-बाहेर एवढाच सिनेमा आहे आणि दिग्दर्शकाचं सगळं लक्ष तिथेच आहे. ‘आग’मध्ये कॅमेरा कुठे ठेवायचा याचा निर्णयच झालेला दिसत नाही, तो टेबलाखाली, कानामागे कुठेही जातो. पैशाचा मुद्दा या एका जोडीतच निकालात निघतो.

आपल्या भागातलं उदाहरण हवं असेल तर जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, गावातलीच माणसं, आपली वऱ्हाडी बोली. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात २०२३ साली आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, चित्रपटगृहांत २०२५च्या मार्चमध्ये आला. मुलगी बघायला पाहुणे येतात तो प्रसंग यात पुन्हा पुन्हा येतो: तीच खोली, तेच पोहे, तेच प्रश्न, समोर बसलेले पुरुष. नवं लोकेशन नाही, नवी मांडणी नाही, म्हणजे खर्च नाही. पण प्रत्येक फेरीला त्या मुलीच्या, सविताच्या खांद्यांकडे आणि नजरेकडे बघा. तीच मांडणी पुन्हा वापरणं ही काटकसर होती आणि तोच सिनेमाचा अर्थही झाला. तुमच्यापैकी कुणी ‘एकच सीन चार वेळा दाखवला’ अशी तक्रार केली, तर त्यालाच दोन फेऱ्यांमधले फरक सांगायला लावा.

‘कोर्ट’ (२०१४) बघताना नारायण कांबळेच्या भूमिकेतले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे होते हे नव्या पोरांना सांगा. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा दुरून, स्थिर, बराच वेळ थांबलेला. वर म्हटलं की नुसता मास्टर उरणं हा दोष, मग इथे का नाही? कारण चौकटीच्या कोपऱ्यातही काम चालू आहे: कारकून टाइप करतोय, पुढच्या खटल्याची माणसं बाकावर बसली आहेत, पंखा फिरतोय. वेळ संपला म्हणून दूर उभा राहिलेला कॅमेरा आणि ठरवून दूर ठेवलेला कॅमेरा यांतला फरक कडांवर दिसतो. पहिल्यात कडा रिकाम्या असतात.

सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. नवरा जीव देईल या धास्तीने बायको पोराला त्याच्या मागावर ठेवते. विषय ऐकून लोक टाळतात, पण त्यातला विनोद काळा आणि नेमका आहे. दुर्लक्षित म्हणायचं तर माझ्या यादीत हा सगळ्यात वर.

आता ‘गुंडा’ (१९९८). कांती शाहचा हा सिनेमा कारागिरीच्या प्रत्येक कसोटीवर नापास आहे. कट जुळत नाहीत, जागा बदलतात, मारामारीत फटका बसायच्या आधी माणूस पडतो. तरी लोक पंचवीस वर्षांनंतरही तो बघतात, याचं कारण लेखन. खलनायकांपासून सगळे यमकात बोलतात, कॅमेऱ्याकडे बघून स्वतःची ओळख करून देतात आणि शेवटपर्यंत कुणी त्या शैलीतून बाहेर पडत नाही. बायकांशी जे वागणं त्यात दाखवलंय ते किळसवाणं आहे, आणि त्यावर हसू येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला अरसिक ठरवू नका. माझं मत विचाराल तर सिनेमा वाईट, पण एक गोष्ट त्याने अर्धवट सोडली नाही. भडक अभिनयाबद्दलही तेवढंच सांगतो. पूर्व विदर्भात वडशाकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर मंडपात चालतात, तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज आणि हात पोचायला हवा. तीच पट्टी क्लोजअपमध्ये लावली की खटकते. नट वाईट नसतो, कॅमेऱ्याचं अंतर चुकलेलं असतं.

‘गुंडा’ला जोड म्हणून अमेरिकन ‘द रूम’ (२००३) लावा. खर्च सुमारे ६० लाख डॉलर, ३५ मिमी फिल्मचा आणि डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून शूट केलेला, गच्चीचे प्रसंग हिरव्या पडद्यासमोर. पैसा होता, मुद्दा काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. याच्या शेजारी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट ठेवा. शेख नासिर आणि यंत्रमाग कामगार शफीक हे जवळजवळ काहीच हाताशी नसताना सुपरमॅन उडवतात, त्यात कुठे काय जुगाड केलाय ते उघड दिसतं आणि तरी माणूस उडताना बघून आनंद होतो.

पहिल्या बैठकीला मात्र जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) लावा. खर्च ३० लाख येनच्या आसपास. सुरुवातीची ३७ मिनिटं एकाच शॉटमध्ये आहेत आणि ती वाईट वाटतील: नट मध्येच गप्प होतात, कॅमेरा जमिनीवर पडतो, संवाद भरकटतो. कुणालाही उठू देऊ नका. त्या ३७ मिनिटांत काय काय चुकलं ते प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवायचं. पुढचा तास संपला की कागद काढायचे. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, पण तुमच्या गटाचा अर्धा वाद त्या रात्रीच मिटेल.

वादाचा नियम एकच ठेवा: ‘बोअर’, ‘बकवास’, ‘जबरदस्त’ हे शब्द मोजायचे नाहीत. बोलणाऱ्याने मिनिट सांगायचं आणि त्या जागी कुणाचा कोणता निर्णय चुकला किंवा जमला ते सांगायचं. मिनिट सांगता आलं नाही तर पुढच्याची पाळी. दोन सिनेमे एका रात्री लावू नका, दुसऱ्यावर कुणी नीट बोलत नाही.

गच्चीवर लावणार असाल तर मेमध्ये साडेसातच्या आधी पुरेसा अंधार पडत नाही. सहा फूट रुंद पडद्याला, पूर्ण अंधारात, प्रोजेक्टरचे खरे ५०० अँसी ल्युमेन (उजेड मोजायचं प्रमाणित एकक) पुरतात. खोक्यावर नुसतं ‘९०००’ छापलेल्या स्वस्त प्रोजेक्टरच्या आकड्यावर जाऊ नका, त्यात अँसी हा शब्द आहे का ते बघा. प्रोजेक्टरचा आतला भोंगा बंद करा आणि पडद्याखाली वेगळा स्पीकर ठेवा, कारण आवाज मागून आणि चित्र पुढून आलं तर आवाजाबद्दल वर सांगितलेली एकही गोष्ट तपासता येणार नाही. कूलर जवळ असेल तर पडद्यापासून लांब, प्रेक्षकांच्या पाठीमागे ठेवा. आणि तिकीट लावून किंवा जाहिरात करून लोकांना बोलवायचं असेल तर हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते. छोट्या सिनेमांचे निर्माते बहुतेक वेळा स्वतः उत्तर देतात, त्यांना थेट लिहा.