‘चॅप्लेन’ला पुजारी म्हणावं का?

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबवरची बातमी ते मराठीत आणत होते. त्यात ‘क्लबचे चॅप्लेन जखमी खेळाडूच्या घरच्यांसोबत दवाखान्यात होते’ असं वाक्य आलं. शब्दकोशात ‘लष्करी धर्मोपदेशक’ सापडला, भाऊ म्हणाला ‘क्लबचा पुजारी’ लिहून मोकळा हो. हेच गृहस्थ खेळाडूंसाठी ‘स्पिरिच्युअल रिफ्लेक्शन’ घेतात असंही बातमीत आहे. त्याला ‘अध्यात्मिक प्रतिबिंब’ म्हणायचं का?

प्रतिबिंब तुमच्या ठाण्याच्या मासुंदा तलावातच राहू द्या, त्याकडे शेवटी येतो.

पुजारी नकोच. पुजारी म्हटलं की देव आला, गाभारा आला, अभिषेक आला. पेनल्टीआधी गोलपोस्टला नारळ फोडणारा माणूस वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहील. चॅप्लेन क्लबला जिंकवायला नसतो, समोरच्या संघाचाही चॅप्लेन असतोच की! वॉटफर्ड क्लबमध्ये 1977 साली जॉन बॉयर्स नावाचे बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू हे काम करू लागले. पुढे ते मँचेस्टर युनायटेडचे चॅप्लेन झाले. आज तिथल्या बहुतेक मोठ्या क्लबांकडे चॅप्लेन आहेत, आणि त्यातले पुष्कळजण बिनपगारी, आठवड्यातून एखादा दिवस येणारे. सरावाच्या मैदानावर जायचं, कँटीनमध्ये बसायचं, कपडे धुणाऱ्या बाईंची विचारपूस करायची, गुडघा गेलेल्या खेळाडूला भेटायचं. अकादमीतून ‘तुझं इथं जमणार नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराशी बोलायचं. समोरचा चर्चला जातो की नाही, हे विचारायचं नाही.

फुटबॉल आणि चर्चची ही जवळीक ऐकून आपल्याकडे जरा नवल वाटतं, पण तिथे क्लबच चर्चच्या अंगणात जन्मले. एव्हर्टन 1878मध्ये सेंट डोमिंगो या मेथडिस्ट पंथाच्या चर्चच्या पोरांनी काढला. साउथॅम्प्टनचा जन्म 1885चा, सेंट मेरीज चर्चच्या तरुण मंडळातला, म्हणून त्यांना अजून ‘सेंट्स’ म्हणतात.

मूळ शब्द तर फारच गोड आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा रोमन सैनिक होता. फ्रान्समधल्या आमियाँच्या वेशीपाशी थंडीत कुडकुडणारा एक भिकारी त्याला दिसला, आणि त्याने अंगावरचा झगा तलवारीने कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे मार्टिन संत झाला आणि तो झगा फ्रँक लोकांच्या राजांनी जपून ठेवला. झगा म्हणजे लॅटिनमध्ये ‘कापा’, लहान झगा ‘कापेला’. तो सांभाळणारे ते ‘कापेलानुस’, तो ठेवायची जागा ती चॅपेल. थोडक्यात, चॅप्लेन म्हणजे अर्ध्या घोंगडीचा राखणदार. आणि मोबाईल जर ‘चॅप्लेन’चं ‘चॅप्लिन’ करत असेल तर त्याच्यावर फार चिडू नका. चार्लीचं आडनावही याच शब्दातून आलेलं आहे.

आता तुमच्या शब्दकोशाबद्दल. तो अगदीच चुकलेला नाही. आपल्या सैन्यातही पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री अशा धर्मगुरूंची भरती होते. पण ‘धर्मोपदेशक’मध्ये उपदेश आहे, आणि या कामात नेमका तोच वर्ज्य. ‘पाद्री’ पोर्तुगीजांनी दिला, पाव आणि पगारासारखा. अर्थाने तो चालेल, पण वापरतं कोण? आमच्या नेरूळच्या सोसायटीत नगरकडच्या एक ख्रिस्ती काकू आहेत, त्यांना विचारलं. म्हणाल्या, “आम्ही पाळकसाहेब म्हणतो. वसईवाले फादर म्हणतात. पाद्री तुम्ही लोक म्हणता.” ‘पाळक’ मला आवडला होता, मेंढरं राखणारा तो पाळक. पण पाळकाला स्वतःची मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं असतात, रविवारची उपासना असते. क्लबमधली मंडळी याची नव्हेत. त्यात मुसलमान आहेत, नास्तिक आहेत, आणि भाव घसरला की महिनाभरात दुसऱ्या क्लबला विकले जाणारे आहेत.

मराठीत या कामाला शब्द नाही, पण क्रियापद आहे. गेल्या पावसाळ्यात वाशीच्या एका दवाखान्यात भावाजवळ रात्री थांबलो होतो. पलीकडच्या खाटेपाशी एक वयस्कर गृहस्थ थर्मास आणि घडीची चटई घेऊन आले. नर्सने विचारलं, “पेशंटचे कोण तुम्ही?” ते म्हणाले, “कोणी नाही. सोबतीला आलोय.” पुढे तिने काही विचारलं नाही, स्टूल सरकवून दिलं. सोबतीला जाणं म्हणजे औषध देणं नव्हे, सल्ला देणं तर नव्हेच. चॅप्लेन हेच करतो.

म्हणून माझं मत असं: ‘चॅप्लेन’ तसाच ठेवा, कोच आणि रेफरी ठेवतो तसा. पहिल्यांदा येईल तिथे ‘खेळाडूंच्या सोबतीला असणारे ख्रिस्ती धर्मगुरू’ एवढं जोडा, नंतर नुसतं चॅप्लेन. आदरार्थी लिहा. बाईही चॅप्लेन असतात, तेव्हा ‘चॅप्लेन म्हणाल्या’. ‘चॅप्लेनीण’ कृपया नको.

राहिलं प्रतिबिंब. इथला रिफ्लेक्शन आरशातला नव्हे, मनातला. मराठी ख्रिस्ती मंडळी यासाठी ‘मनन’ म्हणतात: एखादं वचन वाचायचं आणि त्यावर थोडा वेळ शांत बसायचं. ‘चिंतन’ही बरोबर आहे, पण राजकीय पक्षांच्या चिंतन शिबिरांनी त्याची रया घालवली. ‘स्पिरिच्युअल’ला त्यांच्याकडे ‘आत्मिक’ म्हणतात, बाकीचे ‘आध्यात्मिक’ म्हणतात. मात्र ‘अध्यात्मिक’ नाही, पहिला आ दीर्घच. आणि ‘मनन’ लिहिलंत तर मागे विशेषण लावायचीही गरज नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘क्लबचे चॅप्लेन रात्रभर घरच्यांच्या सोबतीला दवाखान्यात होते.’ ‘रात्रभर’ मूळ बातमीत नसेल तर काढून टाका, ते माझ्या वाशीच्या दवाखान्यातून आलं आहे.