माळावर टोकलेल्या झाडांच्या बिया : युरियाचं पोतं जरा बाजूला ठेवा

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात आमचा दोन एकर मुरमाड माळ आहे. वळवाच्या पावसावर चिंच, करंज, बहावा आणि कडुनिंब टोकले. चिंच, करंज उगवले, पण चिंचेची खालची जाड पानं पिवळी पडून गळताहेत. युरिया टाकू का बुरशीनाशक फवारू? बहावा आणि कडुनिंब तर उगवलेच नाहीत. कडुनिंबाचं बी गेल्या सालचं होतं, घरात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं.

उत्तर : दोन्हीही नको. गळताहेत ती पानं नव्हेत, चिंचोक्याच्याच दोन फोडी आहेत. त्यांना बीजदलं म्हणतात. यंत्रमागांची इचलकरंजी तुमच्या शेजारी, त्यामुळं सुताला लावायची चिंचोक्याची खळ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. चिंचोक्याच्या पिठाला ज्यामुळं चिकटपणा येतो, तोच साठा उगवताना विरघळून साखर होतो आणि मुळाकडं जातो. प्रथिनांतून नत्र (नायट्रोजन) मिळतं. स्फुरदही (फॉस्फरस) बियातच बांधून ठेवलेलं असतं, ते हळूहळू सुटं होतं. साठा संपला की बीजदलं सुरकुततात आणि गळतात. मात्र टम्म असतानाच काळी पडून गळाली, तर ती कूज समजा आणि पाणी साचतंय का बघा.

ही शिदोरी रोप आधी खर्च करतं ते खाली. एखादं रोप उकरून बघा, शेंड्यापेक्षा सोटमूळ लांब निघेल. कोरड्या रानातल्या झाडांची रीतच ती, दिवाळीनंतर वरची माती सुकते तेव्हा खोल गेलेलं मूळच जगवतं. उसाला बेसल डोस, म्हणजे लागणीबरोबरचं खत देऊन आपला हात सैल झालाय, पण इथं युरियाची मूठ पडली तर कोवळं मूळ करपेल. चार-पाच खरी पानं आली की ओंजळभर कुजलेलं शेणखत द्या, पुरे. करंजाच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येतात. चिंच आणि बहाव्याला शेंगा येत असल्या तरी गाठी येत नाहीत, म्हणून शेणखत त्यांना आधी.

कडुनिंबाचं बी मेलेलं असणार. तेलकट बी फार टिकत नाही, त्यात बंद पिशवीत ओल धरली की ते श्वासातच आपला साठा जाळतं. ताज्या निंबोळ्यांचा गर धुऊन, सावलीत सुकवून पंधरवड्याच्या आत लावा. जांभळाला तर तेवढाही दम नसतो.

बहावा बहुधा जिवंत आहे, जागा उकरू नका. त्याचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. एका अर्थी ते बरंच झालं. वळीव फसवा असतो. बी एकदा फुगलं आणि पुढं पंधरा दिवस उघडीप पडली, तर शिदोरी वाया जाते, दुसरी मिळत नाही. म्हणून पुढच्या खेपेला मृग लागून वीतभर ओल गेल्यावरच टोका. निम्म्या बिया दगडावर कडेला घासून रात्रभर पाण्यात ठेवा, निम्म्या तशाच लावा. पहिला हप्ता उन्हानं गेला तरी दुसरा मातीत शिल्लक राहतो.

आणि शेळ्या आवरा. बीजदलं हिरवी असताना खाल्ली, तर त्या रोपाची आशा सोडा.