दुकानातली भिंत मागण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सावंतवाडीतली सात-आठ दुकानं आणि एक छोटी गॅलरी मिळून समकालीन कलेचं प्रदर्शन मांडायचा तुझा बेत मला फार आवडला. तू विचारलंस, सुरुवात कुठून करू? दुकानदारापासून कर. चित्रं नंतर निवड.

कोचीच्या बिएनालेने, म्हणजे द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाने, २०१२ साली जुन्या गोदामांमध्ये कलाकृती मांडल्या, पणजीत फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या राहत्या घरांनी कलामहोत्सवासाठी दारं उघडली. ही उदाहरणं तुझ्या डोळ्यांपुढे असणार. पण रिकाम्या गोदामात भिंत रंगवता येते, दिवे हवे तसे लावता येतात. चालू दुकानात तसं नसतं. तिथे गिऱ्हाईक येतं, माल उतरतो, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती फिरते, दुपारी शटर पडतं. चित्राने या सगळ्यात आपली जागा मागून घ्यायची आहे. दुकानदाराने प्रदर्शनाच्या दिवसांत एकदाही ‘हे जरा बाजूला करा’ म्हटलं नाही, तर तुझी मांडणी जमली असं मी मानेन.

आधी काळ ठरव. जून ते सप्टेंबर बाद, कारण कोकणातल्या दमटपणात कागद फुगतो आणि माउंटवर (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर) बुरशीचे ठिपके येतात. गणपती ते दिवाळी दुकानदाराला वीतभर जागाही सोडणं परवडत नाही. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ चांगला. हवा कोरडी असते आणि शिमग्याची गडबड सुरू झालेली नसते. नऊ दिवस ठेव, म्हणजे दोन शनिवार-रविवार मिळतात.

मग पायी फीर. मोती तलावापासून बाजारपेठेतून चितार आळीपर्यंत असा किलोमीटरभराचा रस्ता धर, जो पाहणाऱ्याला तास-दीड तासात संपवता येईल. प्रत्येक दुकानात सकाळी दहाला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सातला जाऊन उभा राहा. उजेड कुठून येतो, गर्दी कधी असते, दुकान एक ते चार बंद असतं का, हे वहीत लिही. बंदची वेळ नकाशावर प्रत्येक दुकानाच्या नावाखाली छापायची, नाहीतर मुंबईहून किंवा गोव्याहून आलेला माणूस दुपारी दोनला पडलेली शटरं पाहून परत जाईल. शिंपी, चष्मेवाला, घड्याळजी, पुस्तकांचं दुकान, औषधांचं दुकान या जागा चांगल्या, कारण तिथे माणूस पाच-दहा मिनिटं थांबतो. भजी तळणारं हॉटेल आणि पिठाची गिरणी टाळ. तेलकट थर आणि पिठाची धूळ कॅनव्हासवरून पूर्ण निघत नाही.

प्रत्येक दुकानदाराशी एक पानी मराठी करार कर. त्यात तारखा, कलाकृतींची यादी व किंमत, खिळे कुठे मारायचे, विजेचा खर्च कोणाचा, आणि नुकसान झालं तर कोण भरणार, एवढं हवं. नुकसानाची जबाबदारी दुकानदारावर टाकू नकोस. तो जागा देतो आहे. महाग कामांचा विमा काढ आणि प्रत्येक कामाचे चारही कोपरे दिसतील असे फोटो टांगण्याआधीच काढून ठेव.

आता टांगणं. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर ठेवायचा. खिळ्याची उंची अशी काढ: मध्याची उंची, अधिक चित्राची निम्मी उंची, वजा चौकटीमागची तार ताणल्यावर तिचा सर्वांत वरचा बिंदू चौकटीच्या वरच्या कडेपासून जितका खाली येतो ते अंतर. चित्र ६० सेंटिमीटर उंच आणि तार ८ सेंटिमीटर खाली, तर १५० + ३० − ८, म्हणजे १७२. तार हाताने वर ओढूनच मोज. सैल तारेवर मोजलंस तर ओळीतली चित्रं वर-खाली दिसतील. दुकानात हा नियम तसाच चालत नाही, कारण पाहणारा काउंटरच्या अलीकडे असतो. तिथे चौकटीची खालची कड काउंटरच्या वर निदान २५ सेंटिमीटर राहू दे, म्हणजे वजनकाटा किंवा कापडाचा गठ्ठा तिला लागणार नाही. जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत काहीही ठेवू नकोस. सकाळी दारात पाणी मारतात, त्याचे शिंतोडे तिथपर्यंत येतात.

जुन्या दुकानांच्या भिंती जांभ्याच्या आणि वर चुन्याचा गिलावा. हा गिलावा दोन-अडीच सेंटिमीटर जाड असू शकतो. साधा खिळा त्यात बसल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी गिलाव्याच्या ढेपेसकट बाहेर येतो. ८ मिलिमीटरचं भोक, तेवढाच प्लास्टिकचा प्लग आणि ६० मिलिमीटरचा स्क्रू वापर, म्हणजे पकड दगडात बसेल. ड्रिलचा हॅमर गिलावा संपेपर्यंत बंद ठेव. पाच किलोच्या वरचं काम दोन स्क्रूंवर टांग, ते तिरकंही होत नाही. जुना वासा असेल तर त्यावरून पोलादी तारेने सोडणं सर्वांत चांगलं. नायलॉनची दोरी वजनाने लांबते, गाठ सरकते. दुहेरी टेप तर डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर वापरूच नकोस. टेप चिकटतो, रंगच भिंतीला सोडतो. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे पाच मिलिमीटरचे तुकडे चिकटव. मागून हवा खेळती राहते आणि भिंतीची ओल कागदात उतरत नाही.

काचेऐवजी ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, शीट लाव, कारण दुकानात धक्के लागतातच. पण कोळसा आणि सॉफ्ट पेस्टल यांना ॲक्रिलिक चालत नाही. पुसताना त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती रंगाची भुकटी ओढून घेते. अशी कामं काचेखाली, आणि तीही गॅलरीतच.

सगळ्यात जास्त चुका उजेडात होतात. दुकानातली पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर उजेडाची असते. तिच्याखाली तांबूस-तपकिरी रंग मेलेले दिसतात. ४००० केल्विनचा, रंग अचूक दाखवणारा (सीआरआय ९०च्या वरचा) ७ ते ९ वॅटचा एलईडी स्पॉट घे आणि उभ्या रेषेपासून ३० अंशांवर रोख. त्याहून वरून सोडलास तर चौकटीची सावली चित्रावर पडते, फार समोरून मारलास तर काचेत दिवाच दिसतो. जलरंगाला ५० लक्स (उजेडाचं माप) पुरे, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. फोनवरच्या ॲपने अंदाज येतो, तेवढा बस.

शोकेसचं गणित निराळं. दिवसा रस्ता उजळ आणि दुकान अंधारं, म्हणून शोकेसची काच आरसा होते. आत मीटरभर मागे ठेवलेलं गडद चित्र अकरा वाजता बाहेरून दिसतच नाही, दिसते समोरची रिक्षा. काम काचेपासून २०-३० सेंटिमीटरवर आण, फिकट रंगाचं निवड आणि त्यावर दिवसाही दिवा ठेव. पश्चिमेकडे तोंड असेल तर तिथे कागद नकोच. दुपारनंतर ऊन थेट आत येतं. तिथे मातीकाम, लाकूड किंवा धातू ठेव.

लाकडी खेळण्यांच्या चितार आळीबद्दल थोडं सविस्तर. लाल-पिवळ्या चकचकीत लाकडी फळांच्या रांगांमध्ये आजच्या चित्रकाराचं करड्या रंगाचं काम ठेवलंस तर ते हरवणार. दुकानदाराला एकच फळी पूर्ण रिकामी करायची विनंती कर, आणि तिच्या मधोमध एकच वस्तू ठेव. आजूबाजूला भरलेल्या फळ्या आणि मध्ये ती मोकळी जागा, एवढ्यानेच माणूस थबकतो. गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या आकाराचं बारीक काम मात्र भिंतीवर नको. ते काउंटरवर काचेखाली आडवं ठेव, कारण असं काम हातभर अंतरावरून, मान खाली घालून पाहायचं असतं. दशावतारी गंजिफाचा १२० पानांचा संच रंगवणारे हात याच गावात आहेत. त्यांचं काम ‘पार्श्वभूमी’ म्हणून वापरू नकोस. मांडलंस तर नाव, किंमत आणि मानधन बाकीच्यांसारखंच. आणि कापडाच्या दुकानात कापडाचं चित्र लावायचा मोह आवर. असा जोड पहिल्या नजरेला गोड वाटतो आणि दुसऱ्या नजरेला काही उरत नाही.

दुकानातल्या देव्हाऱ्यापुढे किंवा त्याच्या वर काही टांगू नकोस. उदबत्तीचा हात कुठवर फिरतो ते आधी पाहून घे.

लेबलं १० गुणिले ७ सेंटिमीटरची, जाड कार्डावर, १८ पॉइंटच्या ठळक मराठीत कर. कलाकार, नाव, माध्यम, वर्ष, माप, किंमत. सगळ्या लेबलांना एकाच रंगाची पट्टी दे, नाहीतर गिऱ्हाईक कलाकृतीला दुकानातला माल समजून घासाघीस करेल. दुकानदाराला कामाबद्दल तीनच वाक्यं सांग: कोणी केलं, कशाचं केलं, कशाबद्दल आहे. लोक ‘हे काय आहे?’ असं त्यालाच विचारणार आणि त्याने सांगितलेलं गावभर जाणार. दर दोन दुकानांमागे एक स्वयंसेवक ठेव.

विक्रीचे पैसे दुकानाच्या क्यूआरवर घेऊ नकोस. ते दुकानाच्या उलाढालीत आणि जीएसटीच्या हिशेबात शिरतात आणि सोडवता नाकी नऊ येतात. स्वयंसेवकाजवळ कलाकाराचा क्यूआर आणि पावतीपुस्तक असू दे. विकलेल्या कामावर लाल टिकली लाव, काम मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत जागेवर.

उतरवताना बबल रॅप सरळ रंगावर गुंडाळू नकोस. उन्हात ॲक्रिलिक रंग मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल त्यावर उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. त्याच रात्री भोकं पुट्टीने भर, आणि भिंतीच्या रंगाचा छोटा डबा टांगण्याच्या दिवशीच आणून ठेव. नंतर नेमकी तीच छटा बाजारात मिळेलच असं नाही.

निवडलेल्या दुकानांची मापं, दाराच्या दिशा आणि बंदच्या वेळा लिहून मला पाठव. कोणतं काम कुठे जाईल ते मग एकत्र ठरवू.

तुझा,
काका