एकाच सर्व्हरवर चार नोड: एफडी मोडायची का?

नमस्कार. तुमचा मेल वाचला, थोडक्यात पुन्हा मांडतो. नाशिकला राहता, आयटीत नोकरी, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, होमलोन साडेआठ टक्क्यांनी चालू. पाच लाखांची एफडी मोडून १,८५,००० चा सर्व्हर घ्यायचा, त्यावर बिटकॉईन आणि इथेरियमचे नोड (नेटवर्कचा हिशोब ठेवणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर) आणि दोन छोट्या कॉईनचे मास्टरनोड (कॉईन तारण ठेवून चालवायचे, रिवॉर्ड देणारे नोड) चालवायचे, आणि त्या दोन कॉईनमध्ये तारण म्हणून अडीच लाख अडकवायचे. तुमचं गणित असं की खर्च एकदाच, कमाई चार ठिकाणची.

कमाई चार ठिकाणची नाहीये हो, दोनच ठिकाणची आहे. बिटकॉईनचा फुल नोड चालवल्याबद्दल कुणी एक पैसा देत नाही, रिवॉर्ड मायनरला (व्यवहारांचा नवा ब्लॉक तयार करणाऱ्याला) जातं, ते पण एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगनंतर, म्हणजे रिवॉर्ड निम्मं झाल्यावर, ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉईनवर आलंय. इथेरियममध्ये सप्टेंबर २०२२ नंतर मायनिंगच संपलं, व्हॅलिडेटर (ब्लॉक तपासून मंजूर करणारा) व्हायचं तर ३२ इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, लॉक करावे लागतात. एक इथर दोन लाखांना धरला तर ६४ लाख होतात, आणि त्यावर वर्षाला मिळणार साधारण तीन टक्के. तुमच्याकडे ते नाहीत, म्हणजे तो नोड नुसता चालणार.

आता गंमत बघा. तुमच्या कोटेशनमधली ६४ जीबी रॅम आणि ४ टीबीची एनव्हीएमई (वेगवान डिस्क) नक्की कुणासाठी लागतेय? याच दोघांसाठी. बिटकॉईनचा डेटा ६०० जीबीच्या पुढे गेलाय, इथेरियमला २ टीबी घ्या म्हणतात. हे दोन काढून टाकले तर उरलेले दोन छोटे नोड महिना हजार-दीड हजाराच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर) आरामात चालतात. म्हणजे १,८५,००० जातायत ते जे कमवत नाहीत त्यांच्यावर.

तरी तुमचाच हिशोब धरून चालू. ४० टक्के रिटर्न म्हणता, म्हणजे अडीच लाखांवर वर्षाला एक लाखाचे कॉईन. रिवॉर्ड ज्या दिवशी मिळालं त्या दिवशीच्या किमतीवर स्लॅबने टॅक्स धरून ठेवायचा असं बहुतेक सीए सांगतात, सेससकट ३१,२०० गेले. सर्व्हर नि यूपीएस मिळून २०० वॅट धरले तर महिन्याला १४४ युनिट, आणि ही युनिटं तुमच्या आत्ताच्या बिलावर वर चढणार, म्हणजे वरच्या स्लॅबने लागणार, १२ रुपयांनी वर्षाचे जवळपास २१,००० झाले. सर्व्हर चार वर्षं टिकला तर वर्षाचा घसारा ४६,२५०. हातात उरले दीड हजार रुपये. यात स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, धरलेला नाही (डॅश या कॉईनसारख्या नेटवर्कात प्रत्येक मास्टरनोडला वेगळा आयपी लागतो, तुमच्या कॉईनचं तपासा), आणि कॉईनचा भाव वर्षभर जागचा हलला नाही असं समजलोय. ते ४० टक्के बहुतेक वेळा नवीन कॉईन छापूनच दिले जातात, मग भाव जागेवर कसा राहणार?

टॅक्सचं अजून एक. २०२२ च्या बजेटपासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के अधिक सेस, वजावट फक्त खरेदी किमतीची. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च खरेदी किंमत धरणार नाही असं सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितलंय, त्यामुळे सर्व्हरचं बिल तिथे दाखवता येईल असं समजू नका. एका कॉईनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी पण ओढता येत नाही.

आणि चार नोड एका मशीनवर म्हणजे चाळीत एका नळावर चार बिऱ्हाडं. इथेरियम सिंक व्हायला लागला की डिस्क तोच खातो, बाकीचे मागे पडतात, आणि मास्टरनोड वेळेत उत्तर देईना तर नेटवर्क त्याला बाजूला काढतं, रिवॉर्ड बंद. पण मला जास्त भीती वेगळीच वाटते: छोट्या कॉईनचं वॉलेट सॉफ्टवेअर कुणी लिहिलंय हे कुणाला माहीत नसतं, आणि ते तुम्ही बाकी वॉलेट असलेल्या मशीनवर चालवणार. तारणाची की (ते कॉईन हलवायला लागणारा गुप्त कोड) सर्व्हरवर अजिबात ठेवू नका, हार्डवेअर वॉलेटमध्ये (की ठेवायच्या वेगळ्या छोट्या उपकरणात) ठेवता येत असेल तरच पुढे जा. व्हीपीएस घेतलात तर अटी वाचा, हेट्झनर या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सोलाना या क्रिप्टो नेटवर्कचे हजाराच्या वर व्हॅलिडेटर एका झटक्यात बंद केले होते, कारण अटींत क्रिप्टोला मनाई होतीच.

माझं मत विचाराल तर सर्व्हर घेऊ नका. हेच ४,३५,००० होमलोनमध्ये भरलेत तर पहिल्या वर्षी साधारण ३७,००० व्याज वाचतं, त्यावर टॅक्स नाही, फ्लोटिंग रेटला प्रीपेमेंट चार्ज पण नाही. तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड वेगळा आहे, म्हणून हे सांगतोय, नाहीतर एफडीला हातच लावू दिला नसता.

शिकायची हौस असेल तर ती चांगली आहे, घरातल्या जुन्या डेस्कटॉपला १ टीबी एसएसडी लावा आणि बिटकॉईनचा नोड चालवा, जागा कमी पडली तर प्रून मोड (जुना डेटा काढून टाकणारी सेटिंग) आहे. हा खर्च छंदाच्या खात्यात टाका, गुंतवणुकीच्या नको.

छोट्या कॉईनबद्दल मात्र एक काम आजच करा, एक्स्चेंजवर त्यांची ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी) उघडा आणि खाली एकूण किती रुपयांचे खरेदीदार उभे आहेत ते मोजा. अडीच लाखांचा माल विकायला काढला तर भाव कुठे जाऊन थांबेल ते तिथेच दिसेल, तो आकडा मला पाठवा, मग कितीचं तारण ठेवायचं की अजिबात ठेवायचंच नाही ते बोलू.