व्हिडिओमालिकेकडून ब्लेंडेड वर्गाकडे : सुरुवात भरती-ओहोटीच्या पाठापासून करावी

सर, टाळेबंदीत तुम्ही सातवीच्या भूगोलाचे व्हिडिओ तयार केले, ते आता मुले पाहत नाहीत, आणि शाळेत स्मार्ट टीव्ही आल्यामुळे तोच अभ्यासक्रम ब्लेंडेड पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष वर्ग आणि डिजिटल साधने यांचा मेळ घालून, कसा वापरावा, असा तुमचा प्रश्न आहे. तेच व्हिडिओ टीव्हीवर लावले तर पडदा तेवढा मोठा होईल. मूल पूर्वीसारखेच ऐकत बसेल. बदलायचे आहे ते हे, की कोणते काम मुलाने आधी करायचे, कोठे आणि कोणाबरोबर.

भरती-ओहोटीचा पाठ घ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारणपणे तासांत निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब आहे : अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. बंदरागणिक थोडा फरक पडतो, तो पडू द्यावा. मुलांनी घरच्या जाणत्या माणसाकडून हा हिशेब लिहून आणावा, मोठ्यांच्या सोबतीने जेटीवर जाऊन ओळीने काही दिवस भरतीची वेळ नोंदवावी आणि मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, हे त्यांना नोंदींतूनच दिसते. तिथीच्या हिशेबाने ती 45 मिनिटे येतात. या पाच मिनिटांवरून वर्गात जी चर्चा होते, ती कोणत्याही व्हिडिओने घडवता येणार नाही.

व्हिडिओची खरी गरज यानंतर लागते. चंद्र एका बाजूला असताना पृथ्वीच्या विरुद्ध बाजूलाही पाणी का फुगते, हे जेटीवरून दिसत नाही. तेथे चलचित्रच हवे. तुमच्या लांब व्हिडिओतून तेवढाच चार-पाच मिनिटांचा भाग कापून घ्या आणि उत्तर येण्यापूर्वी तो थांबवा. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिल्याशिवाय पुढचा भाग लावू नये. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रारूपातही व्हिडिओत असे विचार करण्याचे थांबे मुद्दाम ठेवलेले असतात. मूल्यमापनही त्या वहीवरूनच करा. व्हिडिओ किती जणांनी पाहिला, हा आकडा फारसे काही सांगत नाही.

घरी व्हिडिओ आणि शाळेत सराव ही फ्लिप्ड पद्धत 2007 च्या सुमारास कोलोरॅडोतील दोन रसायनशास्त्र शिक्षकांनी रूढ केली. आपल्या वाड्यांवर ती जशीच्या तशी चालवणे मला योग्य वाटत नाही. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर होडीवर जातो, आणि कित्येक ठिकाणी रेंजसाठी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या माळावर, चढावे लागते. म्हणून उलट करा : पडद्यावरचे काम शाळेत आणि माणसांना विचारण्याचे, पाहण्याचे काम घरी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही डिजिटल साधनांबरोबर प्रत्यक्ष वर्गाचे महत्त्व स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही गृहीत धरू नयेत. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य आधीच उतरवून ठेवता येते. शाळेत लॅपटॉप व टॅब असतील तर ‘कोलिब्री’ ही मोफत प्रणाली पाहा. एकदा साहित्य भरले की ती इंटरनेटशिवाय शाळेच्या स्थानिक वायफायवर चालते.

सहावी-सातवी एकत्र बसत असतील तर तीन गट करण्याच्या भरीस पडू नका, तासिका उठबस करण्यातच संपते. दोन गट पुरेत : एक पडद्यापाशी, दुसरा नोंदी घेऊन तुमच्यापाशी, आणि पुढच्या तासिकेला अदलाबदल. ज्यांच्या नोंदी जुळत नाहीत त्या मुलांजवळ तुम्ही बसा, कारण चुकलेली वेळ आणि समजुतीतली चूक यांतला फरक तुम्हालाच ओळखता येईल.

सगळी मालिका एकदम बदलू नका. वाऱ्यांचा पाठ याच पद्धतीने होईल, कारण मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारे) आणि खारे (समुद्राकडून येणारे) वारे मुलांच्या अंगावरून रोज जातात. जे पाठ इथल्या अनुभवात येत नाहीत, त्यांचे व्हिडिओ तूर्त आहेत तसे राहू द्या. भरती-ओहोटीचा पाठ मात्र वर्षाच्या आरंभी, ऐन पावसात येतो आणि तेव्हा मुलांना जेटीवर पाठवणे धोक्याचे आहे. तेवढे निरीक्षण गणपतीनंतर ठेवावे आणि पाठाचा क्रम तसा बदलण्याविषयी मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोलून घ्यावे.