ठाण्यातल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलेल्या 900 ग्रॅमच्या बाळाचा पीडीए, म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारा, जन्मानंतर मिटायला हवा असा मार्ग, औषधाने बंद झाला नाही. छाती न उघडता तो बंद करता येतो का?

हो, येतो. पिकोलो ऑक्लूडर नावाचं जाळीचं छोटं उपकरण त्यासाठीच आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी संस्था) ते 2019 मध्ये 700 ग्रॅम आणि त्याहून जास्त वजनाच्या, किमान 3 दिवसांच्या बाळांसाठी मंजूर केलं. जांघेतल्या शिरेतून जेमतेम 1.3 मिलिमीटर जाडीची नळी हृदयातून पीडीएपर्यंत नेतात. धमनीला हात लावत नाहीत, कारण एवढ्या लहान बाळात ती बंद पडून पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उपकरण नीट बसलंय का, हे इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाहूनच सोडतात. मुख्य धोका ते सरकण्याचा, किंवा डाव्या फुप्फुसाच्या धमनीत वा महाधमनीत डोकावून रक्ताचा रस्ता अडवण्याचा. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेलाही इजा होऊ शकते.

पण वजन जमलं म्हणजे झालं, असं नाही. पीडीए सर्वांत अरुंद जागी 4 मिमीपेक्षा रुंद किंवा लांबीला 3 मिमीपेक्षा कमी असेल, तर हे उपकरण चालत नाही. शिवाय बरेच पीडीए आपोआप मिटतात; व्हेंटिलेटर सुटत असेल तर थांबणंही उपचारच.

दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं तर आधी विचारा:
- एक किलोच्या आतल्या किती बाळांना हे उपकरण बसवलंत?
- उपकरण सरकलं तर बालहृदय सर्जन तिथेच आहेत का?
- नेताना ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर आणि व्हेंटिलेटर मिळेल का? घोडबंदरच्या कोंडीत बाळ गार पडणं परवडत नाही.